परतीच्या गाडीचं स्वस्त भाडं: चारा लांबून मागवणाऱ्यांनी हे वाचाच

आमच्या बाबतीत चारा चांगला निघाला, गाडी खरी होती, ड्रायव्हर सरळ माणूस होता, भंडाऱ्याकडच्या ज्या शेतकऱ्यानं माल दिला तोही शब्दाचा पक्का. तरीही १५,००० रुपये गेले आणि भरलेली गाडी वाटेत अडून बसली. फसवणूक झाली ती फक्त भाड्यात. 'आधी पैसे देऊ नका, गाडी बघून घ्या' हा सल्ला सगळेच देतात. तो आम्ही पाळलेला असतानाही हे झालं, म्हणून सविस्तर लिहितोय. सांगोला, मंगळवेढा, जत, माण, आष्टी, पाटोदा, जिथं जिथं लोक दुसऱ्या टोकाच्या जिल्ह्यातून वैरण आणतात, त्यांच्यापर्यंत हे पोचावं.

बाहेरच्या माणसाला प्रश्न पडेल की एवढ्या लांबून गवत कशाला आणायचं. रब्बीची ज्वारी हातची गेली की कडब्याचा शेकडा, म्हणजे शंभर पेंड्या, अडीच हजारांच्या पुढं जातो. पेंडी दीड-दोन किलोची. म्हणजे किलोला चौदा रुपयांच्या आसपास, आणि तेवढे देऊनही वेळेला मिळेलच असं नाही. तिकडं भंडारा-गोंदियाकडं धानाची कापणी, मळणी झाली की तणसाचे, म्हणजे भाताच्या पेंढ्याचे, ढीग बांधावर पडून असतात. आता बेलर मशीन आल्यामुळं त्याच्या चौकोनी गाठी बांधून मिळतात. आम्हाला साधारण पंधरा किलोची गाठ तीस रुपयांनी मिळत होती, म्हणजे किलोला दोन रुपये. तणीस कडब्याची बरोबरी करत नाही, त्यात प्रथिनं फार कमी. सोबत पेंड आणि खनिज मिश्रण द्यावंच लागतं. पण पोट भरायला कोरडी वैरण म्हणून चालतं. एका मोठ्या गाईला दिवसाला सहा-सात किलो धरली तरी दहा गाईंना महिन्याला दोन टन लागतात.

खरी अडचण वाहतुकीची. गाठी हलक्या आणि जागा खाणाऱ्या. गाडी वजनानं नव्हे, आकारानं भरते. बत्तीस फुटी कंटेनरमध्ये ४०० गाठी बसवल्या तरी माल सहा टनांच्या आसपासच होतो. भाडं मात्र गाडी पूर्ण घेते. भंडाऱ्याहून नागपूर, यवतमाळ, नांदेड, लातूर, तुळजापूर, सोलापूर करत सांगोला म्हणजे सातशे किलोमीटरहून जास्त. चौकशी केली तेव्हा भाडं ३६ ते ४० हजार सांगत होते. १२,००० रुपयांच्या मालाला तिप्पट भाडं! त्यामुळं चाऱ्याच्या व्यवहारात मालाच्या दरावर कोणी घासाघीस करत नाही, सगळी घासाघीस भाड्यावर. फसवणाऱ्याला हे आपल्यापेक्षा जास्त चांगलं माहीत असतं.

आम्ही वस्तीवरचे चौघं दूधवाले मिळून एक गाडी मागवणार होतो. चारा खरेदी-विक्रीच्या एका फेसबुक ग्रुपवर 'नागपूर-सोलापूर परतीची गाडी, कमी भाडं' अशी जाहिरात होती. फोन केला. पलीकडचा माणूस गाड्यांचा दलाल, गोड बोलणारा, बोली विदर्भाची. "भाऊ, गाडी नागपूरला माल उतरवून रिकामीच चालली आहे. डिझेलपुरतं निघालं तरी मालकाला चालते. तुम्ही शेतकरी माणसं, पंचवीस हजार द्या." परतीच्या गाडीला भाडं कमी मिळतं हे खरंच आहे, त्यामुळं आकडा अशक्य वाटला नाही. त्यानं व्हिजिटिंग कार्ड पाठवलं, गाडीच्या आरसीचा (नोंदणीपत्राचा) फोटो पाठवला, ड्रायव्हरचं लायसन्स पाठवलं. एमपरिवहन अ‍ॅपवर नंबर टाकला तर गाडी खरी, फिटनेस चालू, विमा चालू.

पैशाचं विचारलं तर तो म्हणाला, "लोड झाल्याशिवाय एक रुपयाही देऊ नका. आजकाल लय फसवतात लोक." आमच्यातले आबा कोणावर लवकर विश्वास ठेवत नाहीत, पण हे ऐकून तेही म्हणाले, माणूस बरा दिसतोय. सगळा डाव या एका वाक्यावर उभा होता. आगाऊ पैसे मागणाऱ्याला आपण ओळखतो. आगाऊ पैसे नको म्हणणाऱ्यावर संशय कसा घेणार?

अजून एक गोष्ट त्यानं सहज बोलल्यासारखी सांगितली. ड्रायव्हरशी भाड्याचं काही बोलू नका. मालकानं त्याला वेगळा हिशेब सांगितलेला असतो, मग तो वाटेत वरचे पैसे मागतो. आम्हाला ते पटलं, कारण असे अनुभव आमच्याकडं अनेकांना आलेत.

ठरल्या दिवशी कंटेनर भंडाऱ्याच्या शेतावर हजर. नंबर तोच, ड्रायव्हर फोटोतलाच. गाठी भरल्या. माल देणाऱ्या भाऊंनी रिकाम्या आणि भरलेल्या गाडीची काट्याची पावती पाठवली, दार बंद करतानाचा फोटो पाठवला. लगेच दलालाचा फोन. आता साठ टक्के टाका, डिझेल भरून गाडी निघते. क्यूआर कोड आला. नाव तिसऱ्याच माणसाचं होतं. विचारलं तर म्हणे आमच्या मुनीमजींचं खातं. १५,००० रुपये गेले.

अर्ध्या तासात पुन्हा फोन. ई-वे बिल आणि जीएसटीचे २,७०० टाका, नाहीतर नाक्यावर गाडी पकडतील. इथं त्याचा डाव अडला, कारण वस्तीवरचा एक पोरगा मार्केट यार्डात हिशेब लिहितो. तो म्हणाला, दादा, पेंढ्याला, कडब्याला जीएसटी नाही, आणि करमुक्त मालाला ई-वे बिलही लागत नाही. आम्ही दलालाला तसं सांगितलं, आणि बिल्टीचा, म्हणजे ट्रान्सपोर्टवाल्यानं द्यायच्या मालाच्या पावतीचा, फोटो पाठवायला सांगितलं. तो म्हणाला, शेतकऱ्याच्या चाऱ्याला बिल्टी कशाला? यानंतर त्याचा फोन लागलाच नाही. जो कागद लागत नाही त्याचे पैसे मागितले आणि ज्या कागदानं आपण वाचलो असतो तो नको म्हणाला. बिल्टीवर माल कोणाचा, गाडी कुठली, भाडं किती आणि ते कोण कुठं देणार, हे सगळं लिहिलेलं असतं. ज्याला भाड्याचे दोन आकडे ठेवायचे आहेत त्याला ती परवडतच नाही.

ड्रायव्हरचा फोन रात्री आला. गाडी यवतमाळच्या पुढं उमरखेडजवळ एका ढाब्यावर उभी होती. "शेठ, ॲडव्हान्स कधी टाकताय? मालक गाडी हलवू देईना." आम्ही म्हणालो, दादा, ॲडव्हान्स तर दुपारीच दिला. तो गप्पच झाला. मग त्यानं मालकाला फोनवर घेतलं आणि सगळं उलगडलं.

मालक लातूरकडचा, एकाच गाडीचा धनी, हप्ते भरून चालवणारा. त्याला त्याच दलालानं ३८,००० भाडं सांगितलं होतं. पार्टी मोठी आहे, माल भरून गाडी रस्त्याला लागली की तीस हजार येतील म्हणून. त्यालाही बजावलं होतं, पार्टीशी भाड्याचं बोलायचं नाही, माझं कमिशन त्यात आहे. आरसी, लायसन्स, गाडीचे फोटो, सगळं त्यानं 'लोड बुक करायला' म्हणून या मालकाकडूनच घेतलं होतं आणि आम्हाला पाठवलं होतं. त्याची स्वतःची गाडी नव्हती, ऑफिस नव्हतं. आम्हाला न परवडणाऱ्यातला परवडणारा आकडा सांगितला, मालकाला न मिळणाऱ्यातला मिळणारा. दोघांच्या मध्ये उभा राहिला, आणि दोघांनी एकमेकांशी एक वाक्य बोलू नये एवढीच तजवीज केली. आम्ही माल भरताना ड्रायव्हरला "दादा, भाडं किती ठरलंय?" एवढं विचारलं असतं तर त्याचा खेळ तिथंच संपला असता, हे त्याला पुरतं ठाऊक होतं.

आता गाडी अडली. मालकाचं म्हणणं बरोबर होतं, त्याला एक रुपया मिळालेला नव्हता आणि डिझेल त्याच्या खिशातून जळलं होतं. आमचंही बरोबर होतं. त्यात गाडी जितके दिवस उभी राहील तितकं हॉल्टिंग चढणार. आमच्यातल्या एकानं फोनवर आवाज चढवला, मालकानंही चढवला. आबांनी फोन घेतला आणि शांतपणे सांगितलं, पाव्हणं, तुम्हाला बी त्यानंच बुडवलंय, आम्हाला बी त्यानंच. भांडून त्याचं फावतंय. शेवटी ३३,००० वर ठरलं. अर्धे लगेच मालकाच्या स्वतःच्या बँक खात्यात, अर्धे माल उतरल्यावर. त्या माणसानं खरंच नफा सोडला. गाडी आली, पण बत्तीस फुटी वस्तीवर वळत नाही, मुख्य रस्त्यावर उभी करून ट्रॅक्टर-ट्रॉलीनं गाठी आणाव्या लागल्या. तो खर्च वेगळा. हिशेब केला तर २५,००० च्या जागी भाड्यापायी ४८,००० गेले. किलोला आठ रुपये नुसती वाहतूक.

तक्रारीचं सांगतो, कारण यात वेळ फार महत्त्वाची आहे. त्याच रात्री आम्ही १९३० ला फोन लावला. आर्थिक सायबर फसवणुकीसाठीचा हा सरकारी क्रमांक. व्यवहाराचा यूटीआर क्रमांक (बँकेचा त्या व्यवहाराचा ओळख क्रमांक), रक्कम, वेळ, कोणत्या बँकेतून गेले, एवढं हाताशी ठेवा, तेच आधी विचारतात. सायबर क्राइमच्या राष्ट्रीय पोर्टलवर तक्रार नोंदवली, पोच क्रमांक मिळाला. आमची रक्कम मात्र आम्ही फोन करेपर्यंत त्या खात्यातून पुढं सरकलेली होती. दुपारीच कळलं असतं तर बँकेला ती अडवता आली असती, म्हणूनच त्यानं ड्रायव्हरला आमच्याशी बोलण्यापासून लांब ठेवलं होतं. त्याला हवे होते ते हे मधले काही तास.

पोलीस ठाण्यात आम्हाला आधी सांगण्यात आलं की हा भाड्याचा देण्याघेण्याचा वाद आहे. तसा तो नाही. गाडी आपली नसताना आपली म्हणून दाखवून पैसे घेणं ही फसवणूक आहे, भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८ त्यासाठीच आहे, आणि तोतयेगिरीसाठी ३१९. दोन्हीकडचे व्हॉट्सॲप संदेश आम्ही मालकाकडून मागवून जोडले. आम्हाला २५ आणि त्याला ३८, एकाच दिवशी, एकाच नंबरवरून. ते दोन कागद शेजारी ठेवल्यावर साहेबांनी तक्रार लिहून घेतली. त्यामुळं अशा वेळी ड्रायव्हरशी, मालकाशी भांडून संबंध तोडू नका. तुमचा पुरावा त्याच्या मोबाईलमध्ये आहे आणि त्याचा तुमच्या.

दलाल वाईटच असतात असं माझं मुळीच म्हणणं नाही. वर्षानुवर्षं त्यांच्यावर हा धंदा चाललाय, आणि चांगला ट्रान्सपोर्टवाला असला तर वाटेत गाडी बिघडली तरी दुसरी देतो. पण २००७ च्या रस्ता मालवाहतूक कायद्यानुसार माल वाहून नेण्याचा धंदा करणाऱ्याला नोंदणी लागते आणि मालाची पावती, म्हणजे बिल्टी, द्यावी लागते. जो स्वतःला ट्रान्सपोर्ट म्हणवतो त्याच्याकडं नोंदणी क्रमांक आणि बिल्टी बुक मागायला संकोच कसला?

आता आम्ही असं करतो. माल भरण्याआधी ड्रायव्हर, मालक, दलाल आणि आम्ही, सगळे एका कॉलवर. आकडा सगळ्यांच्या कानावर पडतो. ॲडव्हान्स फक्त आरसीवर ज्याचं नाव आहे त्याच्या बँक खात्यात, क्यूआर कोडवर नाही. दलालाचं कमिशन वेगळं, उघड, माल उतरल्यावर. भंडाऱ्याच्या भाऊंनाही सांगून ठेवलंय की काट्याच्या पावतीच्या मागं ठरलेलं भाडं लिहून ड्रायव्हरची सही घ्यायची, आणि ती सही बघितल्याशिवाय इकडून पैसे सुटणार नाहीत. त्यांनी स्वतःहून एक भर घातली: गाठींपैकी चार-पाच मधून फोडून आत ओल, बुरशी नाही ना हे व्हिडिओ कॉलवर दाखवतात. दुसरी खेप लातूरच्या त्याच मालकाच्या गाडीतून आली, ३४,००० ला. स्वस्त नाही, पण सहा टनांना किलोमागं पावणेसहा रुपये, आणि कडब्यापेक्षा अजूनही बरंच खाली.

तुमच्या बाबतीत असं काही घडलं असेल तर माल जिथून भरला त्या जिल्ह्यात जाऊन तक्रार करा, असं कोणी सांगेल. ते ऐकू नका. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणं गुन्हा कुठंही घडलेला असो, तक्रार आपल्या तालुक्याच्या ठाण्यात घ्यावी लागते. सोबत १९३० चा पोच क्रमांक, काट्याची पावती, गाडी नंबरचा फोटो आणि मालकाकडचे संदेश न्या. नंबर बदलून हा माणूस पुन्हा जाहिरात टाकणार हे नक्की, कारण उन्हाळा तोंडावर आहे आणि आमच्या भागात अजून कित्येक गोठ्यांना वैरण लागणार आहे.