डिपॉझिटवर धावणारी कॅम्परव्हॅन

आधीच सांगते, जागा खरी आहे. बनावट वेबसाइट, नसलेलं रिसॉर्ट, पैसे जमा होताच बंद पडणारा फोन, यातलं इथे काही नाही. त्या प्रकारांवर तर आता बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या आमच्या सासूबाईसुद्धा शेजारणींना व्याख्यान देतात. इथे गेट होतं, माळी होता, शेकोटी होती, सकाळचा चहा तर फारच चांगला होता. तरीही दोन रात्री राहून आल्यावर आमचे डिपॉझिटचे २०,००० रुपये गेले. ते घेण्याची पद्धत इतकी घोटून बसवलेली आहे की भाडं हे नुसतं निमित्त, डिपॉझिट हाच खरा धंदा, असं माझं स्पष्ट मत झालं आहे.

डिसेंबरात पुण्याहून नणंद आणि भावोजी यायचे होते. बडोद्याहून शनिवार-रविवारी जायच्या जागा ठरलेल्या: पावागड-चांपानेर, चांदोद, नाहीतर केवडियाचा पुतळा. ताईंचं ते सगळं करून झालेलं. तेवढ्यात मुलांनी एक रील दाखवलं. हालोलच्या पुढे, जांबुघोड्याच्या वाटेवर ‘फॅमिली कॅम्पग्राउंड’, सागाच्या झाडांत उभ्या कॅम्परव्हॅन, आत गाद्या, छोटा ओटा, टॉयलेट, बाहेरच्या बाजूला उलगडणारं कापडी छत. ‘मोठ्याने गाणी नाहीत, दारू नाही, फक्त कुटुंबं’ या ओळीवर सासूबाईंनीही मान डोलावली. दारूबंदीच्या गुजरातेत दारू नाही म्हणजे काही उपकार नव्हेत, पण असो.

भाडं व्हॅनमागे रात्रीचे ५,५००. आम्ही सात जण म्हणून दोन व्हॅन, दोन रात्री, झाले २२,०००. त्यावर ‘१८ टक्के जीएसटी’ म्हणून ३,९६०. शिवाय व्हॅनमागे १०,००० डिपॉझिट, ‘निघाल्यापासून ४८ तासांत परत’. एकूण ४५,९६०, सगळे आगाऊ, यूपीआयवर. हल्ली फार्महाउसवालेही डिपॉझिट घेतातच, त्यात नवल नाही. पावती मागितली तर ‘चेक-आउटला मिळेल’. आधार कार्डांचे फोटो मात्र सगळ्यांचे आधीच हवे होते.

आता वेळ बघा. चेक-इन संध्याकाळी सातनंतर. डिसेंबरात आपल्याकडे सहाच्या सुमाराला सूर्य मावळतो. सात वाजता त्या झाडीत काळोख. आम्ही चारलाच येतो म्हटलं, तर ‘व्हॅन सॅनिटाइज थाय छे, बेन, सातआधी गेट उघडत नाही.’ सातला गेट उघडलं तेव्हा झाडांना दिव्यांच्या माळा लावलेल्या, दिसायला झकास. पण त्या उजेडात माणसाचा चेहरा दिसतो, ताडपत्रीला पडलेली चीर दिसत नाही. मॅनेजरने लगेच छापील कागद पुढे केला: ‘व्हॅन सुस्थितीत मिळाली’, खाली सही. भावोजींची सगळी नोकरी बँकेत गेलेली. त्यांनी सही केली आणि शेजारी ‘अंधारात पाहिली’ असं लिहून ठेवलं. मॅनेजर हसला. कागदाचा फोटोही त्यांनी तिथेच काढून घेतला.

व्हॅन खरी दिसली ती सकाळी. पांढरा रंग, त्यावर डोंगर आणि गरुड. टायरांत हवा नाही, खाली विटांची चळत. दाराच्या बिजागरीपाशी पांढऱ्या रंगाचे पोपडे निघाले होते आणि आतून पिवळाधमक पत्रा डोकावत होता. मुलगा म्हणाला, “आई, ही तर स्कूलबस आहे!” खरंच होतं. मागच्या दारावर नव्या रंगाखाली जुनी गुजराती अक्षरं बोटाला लागत होती, शेवटचा ‘लय’ तेवढा स्पष्ट. विद्यालयाचं शेपूट असणार. नंबर प्लेटवर ‘पधारो’ लिहिलेली लाकडी पाटी ठोकलेली. पाटीमागे डोकावून नंबर घेतला आणि गाड्यांची नोंद दाखवणाऱ्या एमपरिवहन या सरकारी ॲपमध्ये टाकला, तर वर्ग ‘एज्युकेशनल इन्स्टिट्यूशन बस’, म्हणजे शाळेचीच बस, आणि फिटनेस, म्हणजे गाडी रस्त्यावर चालवण्याजोगी असल्याचं प्रमाणपत्र, केव्हाच संपलेलं. राहण्यासाठी बांधलेल्या गाडीची नोंद तिथे ‘मोटर कॅरव्हॅन’ किंवा ‘कॅम्पर व्हॅन’ अशी होते. मॅनेजरचं म्हणणं, उभ्या गाडीत झोपायला फिटनेस कशाला? त्यात तथ्य असेलही. पण कॅम्परव्हॅनच्या भावात आम्ही विटांवरची खोली घेतली होती, एवढं कळलं. गीझर लावला की दिवे जायचे, ते वेगळंच. मुलांना याचं काही नव्हतं, ती मजेत होती.

एक गोष्ट नीट सांगते, कारण पुढचं सगळं तिच्यावर आहे. अशा व्हॅनमध्ये टॉयलेटखाली प्लास्टिकची सरकती टाकी असते. तिच्यात निळं औषध घालतात, आणि भरली की बाहेरच्या झडपेतून ओढून रिकामी करतात. इथे रोज सकाळी एक पोऱ्या यायचा, दोन्ही व्हॅनच्या टाक्या हातगाडीवर घालून न्यायचा आणि धुतलेल्या दुसऱ्या बसवून जायचा. म्हणजे टाकी कुठल्याच व्हॅनची नव्हे, सगळ्यांची फिरती.

निघायच्या दिवशी तपासणी करा म्हटलं, तर ‘आरामात जा, हालोलला ट्रॅफिक लागेल, आमचा माणूस नंतर बघेल.’ पावती? ‘व्हॉट्सॲपवर.’

व्हॉट्सॲपवर आली ती यादी, आणि तीही ४८ तास संपता संपता. ऑनिंग, म्हणजे ते बाहेरचं छत, फाटलं: ७,५००. टॉयलेटच्या टाकीला तडा: ६,०००. गादीवर डाग: २,५००. डीप क्लीनिंग: ४,०००. बेरीज करा. बरोब्बर २०,०००. दोन व्हॅनमध्ये मिळून आमच्या हातून जे काही मोडलं-फाटलं ते नेमकं डिपॉझिटच्या आकड्यावर येऊन थांबलं, एक रुपया इकडे नाही की तिकडे नाही. यादीखाली फोटो जोडलेले.

शेकोटीपाशी आम्हाला आणंदचं एक कुटुंब भेटलं होतं. मुलांचे एकत्र फोटो काढले होते, म्हणून ताईंनी त्यांचा नंबर घेतलेला. त्यांना विचारलं, तर त्यांनाही यादी आलेली. त्यांची एकच व्हॅन, म्हणून यादी १०,०००ची. त्यांनी त्यांच्या ‘मोडलेल्या’ टाकीचा फोटो पाठवला आणि ताई दोन्ही फोटो शेजारी शेजारी मोठे करून बघत बसल्या. तड्याच्या डाव्या टोकाला राखाडी एमसील फासलेलं. एमसीलमध्ये वाळक्या गवताची एक काडी अडकून बसलेली, टोक वर. खाली निळ्या औषधाचा ओघळ, मध्येच दुभंगलेला. दोन्ही फोटोंत काडी त्याच कोनात, ओघळ त्याच जागी. एकाच टाकीचा एकच फोटो दोन कुटुंबांना, दोन वेगळ्या व्हॅनच्या नावाने. आणि एमसील वाळून घट्ट झालेलं, म्हणजे तो तडा आमच्या आधी कित्येक पाहुण्यांकडून वसूल झाला असेल, देव जाणे.

ऑनिंगचा निकाल पालीने लावला. पहिल्या रात्री मुलाने त्या छताला चिकटलेल्या पालीचा फ्लॅश मारून फोटो काढला होता. पालीच्या शेपटीपाशी चंदेरी टेप, टेपच्या कडेने बाहेर आलेली चीर. फोनमध्ये फोटोची वेळ रात्री ७:५२, म्हणजे आम्ही पोचून तासही झाला नव्हता. हा फोटो आम्ही मूळ फोनमध्येच जपून ठेवला आहे. व्हॉट्सॲपवर नेहमीसारखा पाठवला की फोटो दाबला जातो आणि आत दडलेली वेळ-ठिकाणाची माहिती गळून पडते. पुढे त्याची प्रत कोर्टात पुरावा म्हणून द्यायची झाली तर भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३चं प्रमाणपत्र जोडावं लागतं, हे मागाहून कळलं.

हे दोन्ही फोटो मालकाला पाठवले. उत्तर आलं, “बेन, पैसा तो आवी जशे, शांति राखो.” म्हणजे पैसे येतील, धीर धरा. मग नंबर ब्लॉक.

इथवर निदान माणूस दिसत तरी होता. नंतरचा फोन कुणाचा होता ते अजून कळलेलं नाही. ‘कॅम्पग्राउंडच्या अकाउंट्समधून बोलतोय, तुमचं रिफंड मंजूर झालंय.’ त्याला आमच्या बुकिंगचा आकडा रुपयापर्यंत ठाऊक होता. त्याने क्यूआर कोड पाठवला: स्कॅन करा, पिन टाका, पैसे जमा होतील. पैसे येण्यासाठी पिन कधीच लागत नाही. पिन टाकला की पैसे जातात, येत नाहीत. भावोजींनी त्याला बँकेतल्या आवाजात हे समजावून सांगितलं आणि फोन ठेवला. आणंदकडचे आजोबा मात्र अडकले. डिपॉझिट परत येतंय या आनंदात ९,९९९ गेले. त्यांच्या मुलाने लगेच १९३० लावला. सायबर फसवणुकीची ही देशभराची हेल्पलाइन. तिचा खरा उपयोग पहिल्या काही तासांत, पैसे एका खात्यातून दुसऱ्यात उड्या मारायच्या आत. त्यांची थोडी रक्कम पुढच्या खात्यात अडवली गेली. बाकीची गेली ती गेली.

आधारच्या फोटोंची धास्ती तर वेगळीच. सात जणांची कार्डं त्या माणसाच्या फोनमध्ये पडून आहेत. यूआयडीएआय, म्हणजे आधार देणाऱ्या संस्थेच्या साइटवरून मास्क्ड आधार उतरवता येतं. त्यात शेवटचे चारच आकडे दिसतात आणि ओळख पटवायला तेवढं पुरतं. कुणी मास्क्ड चालत नाही म्हणालं, तर का चालत नाही ते विचारा.

वकील असलेल्या मावसभावाने सगळं ऐकून घेतलं आणि पहिला प्रश्न विचारला तो जीएसटीचा. नोंदणी क्रमांक कुठे आहे? कुठेच नव्हता, ना मेसेजमध्ये, ना पाटीवर. ज्याची नोंदणी नाही त्याला ग्राहकाकडून जीएसटी घेताच येत नाही, आणि क्रमांक दिला असता तर जीएसटी पोर्टलवर दोन मिनिटांत तपासता आला असता. त्याचा दुसरा प्रश्न, पावती दिली का? २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्यात सेवेची पावती न देणं हीसुद्धा अनुचित व्यापारी प्रथा आहे. वाजवीपेक्षा फार मोठं डिपॉझिट मागणं याच कायद्यात अन्याय्य कराराच्या व्याख्येत येतं; पण त्या मुद्द्यावर भांडायचं तर राज्य ग्राहक आयोगात, म्हणजे अहमदाबादला जावं लागतं. म्हणून त्याने तक्रार सेवेतील त्रुटी आणि अनुचित प्रथा एवढ्यावरच बेतली आणि जिल्हा आयोगात लावली. कॅम्पग्राउंड ज्या जिल्ह्यात आहे तिकडे, पंचमहालात, खेटे घालायची गरज नाही, तक्रारदार राहतो त्या जिल्ह्यात तक्रार चालते. व्यवहार ५ लाखांच्या आतला असेल तर शुल्क नाही, वकील सक्तीचा नाही, मुदत दोन वर्षं. ई-जागृती पोर्टलवर घरी बसून भरली. त्याआधी १९१५वर, राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर, नोंद केली होती. तिथून मालकाला पत्र गेलं, त्याने दाद दिली नाही. ते पत्र मात्र तक्रारीला जोडता आलं.

असल्या व्हॅनमध्ये राहायला जाऊच नका, असं मी म्हणत नाही. मुलं अजून त्या पिवळ्या बसच्या गोष्टी सांगतात. पण उजेडात चेक-इन देत नसतील तर पैसे भरू नका, ही माझ्या मते सगळ्यात मोठी खूण. उजेड असो-नसो, आत शिरल्या शिरल्या फ्लॅश लावून सलग व्हिडिओ काढा: छताची शिवण, गादीच्या दोन्ही बाजू, झडप उघडून टाकी, दरवाजाची कडी. निघताना त्यांच्या माणसाला शेजारी उभा करून पुन्हा तोच व्हिडिओ. माणूस यायला तयार नसेल तर तो नाही म्हणाला हेही रेकॉर्ड होऊ द्या. डिपॉझिट आणि भाडं एकाच खात्यात जातं की वेगवेगळ्या, तेही बघा. आमचं भाडं दुकानाच्या नावावर गेलं आणि डिपॉझिट कुण्या भलत्याच माणसाच्या खासगी खात्यावर.

आणि रिव्ह्यू वाचताना पाच चांदण्यांचे सोडून द्या. एक चांदणीवाल्यांत ‘डिपॉझिट’ हा शब्द शोधा. आम्ही नंतर शोधला. तिथे तीन निरनिराळ्या कुटुंबांनी ऑनिंग फाडलेलं होतं.

आयोगाची नोटीस पोचल्यावर मालकाचा फोन आला. ‘बेन’ची एकदम ‘मॅडम’ झाले होते. १२,००० घ्या, रिव्ह्यू काढा, विषय संपवा. भावोजी पुण्याहून कॉन्फरन्सवर होते. त्यांनी विचारलं, “१८ टक्क्यांची पावती देणार का?” पलीकडून फोन ठेवला गेला. आमची पुढची तारीख लागली आहे, आणि आणंदवाल्यांनी त्यांची तक्रार आणंदलाच दाखल केली आहे.