महाबळेश्वरचा मध घेतला, पण रिपोर्ट कुठंय?
मागच्या महिन्यात महाबळेश्वरला मार्केटमधल्या एका दुकानातून अर्धा किलो जांभूळ मध आणला. चव एकदम भारी, जरासा तुरट, आई रोज सितोपलादी त्यातच कालवून घेते. पण दुकानदाराला म्हटलं, काका, अँटिबायोटिकची टेस्ट केलीय का, तर म्हणे पाण्यात टाकून बघा, तळाशी बसला की शुद्ध! अहो त्यानं काय कळणार, 2010 मध्ये दिल्लीच्या सीएसई (सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्न्मेंट) या संस्थेने 12 ब्रँडचे नमुने तपासले तर 11 मध्ये अँटिबायोटिक निघाली होती, पोळ्यातल्या माश्या आजारी पडू नयेत म्हणून देतात ती, आणि ती फक्त लॅबमध्येच दिसतात. बाकी मध थिजला म्हणून नकली समजू नका, आमचा पण थिजलाय. चवीला 5, माहितीला 2 स्टार.