समुद्री मिठाच्या बादलीत ढोरांचं मीठ, आणि माझे ३३,३५० रुपये

लिहू की नको यात महिना गेला. बायको म्हणते, झाली तेवढी शोभा पुरे. पण ज्याने खाऱ्या पाण्याच्या टँकच्या सामानात मला फसवलं, तोच माणूस आता धुळ्यात आणि शहाद्याकडे ‘रीफ टँक सेटअप’, म्हणजे मासे आणि कोरलचा (प्रवाळाचा) खाऱ्या पाण्याचा टँक, करून देतोय असं कानावर आलं, म्हणून लिहितोय. हसायचं त्यांनी हसा.

मी चोपड्याचा. ठिबकचं सामान आणि पाण्यात विरघळणाऱ्या खतांचं दुकान आहे, गिऱ्हाईक बहुतेक केळीवाले. हे आधीच सांगतो, कारण पुढे याचीच लाज जास्त वाटणार आहे. गोड्या पाण्याचे मासे पंधरा वर्षं पाळतोय. खाऱ्या पाण्याचा टँक करायची हौस जुनी. तीन फुटी टँक, लाइट, स्किमर (पाण्यातली घाण फेसासोबत काढणारं यंत्र) हे सगळं मी पुण्याहून वेगळं आणलं होतं, त्यात काही खोट निघाली नाही. अडलं ते पाण्यापाशी. मुंबईचा समुद्र इथून चारशे किलोमीटर, आणि गावातले माशांचे दुकानदार गोल्डफिश आणि फायटरच्या पुढे जात नाहीत. विचारायचं कोणाला?

असा माणूस हेरणाराच हा. दर रविवारी मुंबईहून जळगावला येतो म्हणाला. बोलायला गोड, ‘दादा दादा’ करणारा. पैसे ज्या खात्यात गेले त्यावर नाव भलत्याच बाईचं होतं, आणि व्हॉट्सॲपवर मेसेज आपोआप पुसले जायची सेटिंग त्याने पहिल्याच दिवशी लावली. बाकी गोष्ट तुम्हाला ठाऊकच आहे, सगळ्यांची एकच असते. असा कोणी मेसेज पुसायला लागला की तिथल्या तिथे स्क्रीनशॉट काढा. माझ्याकडे चार आहेत, त्यातल्या दोनांत नुसतं ‘गुड मॉर्निंग’.

हिशेब असा. वीस किलो परदेशी रीफ सॉल्टची, म्हणजे गोड्या पाण्यात कालवून समुद्राचं पाणी बनवायच्या मिठाची, बादली ६,८००. अठरा किलो ‘लाइव्ह रॉक’ (जिवंत बॅक्टेरिया असलेले समुद्री दगड), ४५० रुपये किलोने ८,१००. बॅक्टेरियाच्या दोन बाटल्या ३,७००. टेस्ट किटचा संच ५,२००. बफर पावडर ६५०. क्लाउनफिशची जोडी २,४००. आठ गोगलगाई १,२००. क्लीनर श्रिंप (कोळंबी) १,८००. हॅमर कोरल ३,५००. एकूण ३३,३५०.

आता तो क्षण, जो रोज रात्री डोळ्यांपुढे येतो.

बादलीच्या झाकणाची सीलपट्टी आधीच तुटलेली होती. तो समोरच होता, म्हणाला, ‘कुरिअरवाले उघडून बघतात दादा.’ बरं. आतलं मीठ ओलसर, हाताला चिकटणारं, मधे मधे खडे. बरं. मी मापाने मीठ काढत होतो, आई शेजारी बसलेली. तिने बादलीत हात घातला आणि दोन बोटांत एक धागा धरून वर काढला. गोणपाटाचा, तपकिरी, वीतभर लांब. माझ्यापुढे धरून म्हणाली, “भाऊ, हाई ते ढोरेसले देतस ते मीठ शे.”

आई पारोळ्याकडची, घरात कायम जनावरं. तिला मीठ ओळखता येतं. आणि मी? मी हसलो. तोही हसला, “आई, समुद्राचंच आहे, एखादा धागा यायचाच.” मग त्याने रिफ्रॅक्टोमीटरच्या, म्हणजे पाण्याचा खारेपणा मोजायच्या यंत्राच्या, काचेवर दोन थेंब टाकून माझ्या डोळ्याला लावला. १.०२५. बरोब्बर समुद्राएवढं. आई उठून आत गेली.

दुकानात दिवसातून दहा वेळा मी शेतकऱ्याला सांगतो, की काका, ईसी मीटर क्षार किती ते सांगतो, कोणता ते सांगत नाही, बोगस खतसुद्धा आकडा चांगला दाखवतं. रिफ्रॅक्टोमीटरचंही तेच. पाण्यात क्षार किती एवढंच त्याला कळतं, मग ते रीफ सॉल्ट असो नाहीतर म्हशीपुढचं मीठ. हे मला ठाऊक होतं. ठाऊक असून मी आकडा बघितला आणि धागा फेकून दिला.

आणि समुद्राचं मीठ म्हणजे समुद्राचं पाणी नव्हे. मिठागरात पाणी आटायला लागलं की आधी जिप्सम खाली बसतं, म्हणजे कॅल्शियम तिथेच गेलं. मग मीठ बसतं, ते ओढून घेतात. मॅग्नेशियम उरतं मागच्या कडू पाण्यात, ते काढून टाकतात. आपल्या हातात येतं ते बहुतेक नुसतं सोडियम क्लोराइड. खऱ्या समुद्राच्या पाण्यात लिटरला कॅल्शियम साधारण ४१० मिलिग्रॅम आणि मॅग्नेशियम १,३०० च्या आसपास असतं. कोरलचा सांगाडाच कॅल्शियमचा. सीलबंद नसलेली बादली घरात घेऊ नका, फुकट दिली तरी.

किटच्या संचात अमोनिया, नायट्राइट, नायट्रेट एवढंच होतं. केएच (पाण्यातलं कार्बोनेट) आणि कॅल्शियमचं किट ‘नंतर, कोरल वाढायला लागलं की’. का, ते आता कळतंय. अमोनियाची नळी आठ दिवस पिवळीच राहिली. “बघा दादा, बॅक्टेरियाने आठवड्यात सायकल पूर्ण केली.” सायकल म्हणजे टँकमधला विषारी अमोनिया पचवणारे बॅक्टेरिया तयार होणं, तिला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. आधी अमोनिया चढतो, मग नायट्राइट, मग दोन्ही शून्यावर येऊन नायट्रेट दिसतं. कधी चढलाच नाही तो अमोनिया उतरला कसा, हे मी विचारलं नाही. हेही लिहून ठेवतो.

पुढच्या रविवारी त्याने जीव सोडले. श्रिंप त्याच रात्री आडवी. गोगलगाई शंखातून बाहेरच आल्या नाहीत. फोन केला तर म्हणे पीएच कमी असेल, बफर टाका. टाकला. गुरुवारी एक क्लाउनफिश, शुक्रवारी दुसरा. हॅमरचं मांस सुटून पांढरा सांगाडा उरला. मेलेली श्रिंप मी ग्लासभर पाण्यात तीन दिवस ठेवली. घरात उभं राहवेना असा वास, आणि त्या पाण्यातही किट पिवळंच! मग किटच्या बाटल्या उजेडात धरल्या, तर मुदतीची तारीख खरवडलेली. किट आलं की आधी असं सडकं पाणी तपासा, हिरवं झालं नाही तर किट परत करा.

नाशिकचा एक मित्र आपलं कॅल्शियमचं किट घेऊन आला. त्याच्या किटमध्ये रंग बदलेपर्यंत थेंब मोजायचे, एक थेंब म्हणजे लिटरला २० मिलिग्रॅम. रीफमध्ये वीस-बावीस थेंब लागतात. माझं पाणी तिसऱ्याच थेंबाला गुलाबीचं निळं झालं. साठ. तो काही बोलला नाही, नळी धुऊन ठेवली. ‘लाइव्ह रॉक’वर ओला अंगठा घासला तर जांभळा रंग अंगठ्याला, म्हणजे दगड नुसते रंगवलेले. आणि बफर पावडर निघाली खाण्याचा सोडा. गंमत अशी, की सोड्याने केएच खरंच वाढतं. सगळ्या मालात तेवढी एकच वस्तू खरी होती, फक्त किराणा दुकानात ती ६५० ला मिळत नाही.

आता तक्रारीचं ऐका. पोलिस ठाण्यात पहिला प्रश्न, “मासे किती होते?” म्हटलं, दोन. “दोन माशांचा पंचनामा करायचा का?” बाकीचे हसले. दुसऱ्या खेपेला साहेब बंदोबस्तात. तिसऱ्या खेपेला, हा दिवाणी मामला आहे, आमच्याकडे येत नाही. बँकेत म्हणाले पिन तुम्हीच टाकला, मग फसवणूक कसली? सायबरच्या नंबरवर तासभर बोललो, तक्रार क्रमांक आला, अकराव्या दिवशी ‘तक्रार बंद’ असा मेसेज. का बंद, कोणी बंद केली, काही नाही. मासळीशी संबंध असलेल्या एका सरकारी कचेरीत गेलो, तिथे कळलं की ते खातं खाण्याच्या माशांचं आहे. गुन्हा नोंदवून घ्यायला मासा खाण्याचाच लागतो का? माझा दिवस बुडतो, दुकान बंद राहतं, आणि समोरचा माणूस टेबलावरून मान वर करत नाही.

एका अधिकाऱ्याने मात्र शांतपणे सगळं ऐकलं, आणि मग विचारलं, “ते कोरल कुठून आणलं होतं त्याने?” तिथे माझी जीभ टाळ्याला चिकटली. कठीण सांगाड्याची कोरल वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत आहेत, वाघाच्या पंगतीत. विकणारा गुन्हेगार आणि बाळगणाराही. अर्धवट ऐकलं होतं, सगळेच घेतात म्हणून मीही घेतलं. असल्या मालावर हे लोक निर्धास्त असतात ते यामुळेच. म्हणून ग्राहक आयोगाच्या अर्जात मी कोरलचे पैसे वगळून २९,८५० लिहिले. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला तिथे फी नाही आणि आपल्या जिल्ह्यातच अर्ज करता येतो, एवढं तरी बरं. तारीख पडायची आहे.

टँक कोरडा पडलाय. ते पाणी झाडांना घालता येईना, गटारीत सोडलं. बादलीत तेरा किलो मीठ उरलं होतं. आईने ते शेजारच्या आप्पांकडे पोचवलं. त्यांच्या म्हशी आवडीने चाटतात म्हणे.