पाणी-सांडपाणी परिषदेचे दोन दिवस : एका प्लांट केमिस्टचा अभिप्राय

आमच्या सांडपाणी प्रक्रिया केंद्रात शेवटच्या निवळण टाकीतला गाळ पंचवीस दिवस नीट बसत नव्हता. एक लिटरच्या सिलिंडरमध्ये अर्ध्या तासानंतर गाळाची रेघ ८२० मिलीवर थांबायची. पाण्यात तरंगणाऱ्या गाळाचं प्रमाण, म्हणजे एमएलएसएस, लिटरमागे ३,४०० मिलिग्रॅम होतं, म्हणजे एसव्हीआय (एक ग्रॅम गाळ बसल्यावर किती मिली जागा घेतो तो आकडा) २४१. तो १५०च्या वर गेला की आम्ही सावध होतो. टाकीच्या कठड्याशी उभं राहिलं की पाण्याखाली हातभर अंतरावर गाळाचा ढग दिसायचा आणि सकाळी प्रवाह वाढला की तो वियरवरून, म्हणजे पाणी बाहेर सोडणाऱ्या काठावरून, बाहेर पडायचा. हवा सोडणारे ब्लोअर वाढवून पाहिले, रोज काढायच्या गाळाचं प्रमाण बदलून पाहिलं, काही उपयोग झाला नाही. त्याच आठवड्यात साहेबांनी विचारलं, "प्रादेशिक परिषदेसाठी एक नाव कळवायचंय, तुम्ही जाल का?"

अकरा वर्षं प्रयोगशाळेत काम करतेय, पण अशा परिषदेला कधी गेले नव्हते. आमच्याकडून नेहमी वरचे अधिकारी जातात. जायच्या आधी कोणी अनुभव लिहिलाय का म्हणून शोधलं, तर व्यासपीठावरचे फोटो तेवढे सापडले. तिथे नेमकं काय मिळतं हे कुठेच नव्हतं, म्हणून हे सविस्तर लिहितेय.

पहिल्यांदा तक्रार सांगते, कारण ती दोन्ही दिवस मनात राहिली. आयोजकांनी परिषद दोन सभागृहांत वाटली होती. एकात पिण्याचं पाणी, दुसऱ्यात सांडपाणी. दोन्हीकडची भाषणं एकाच वेळी, त्यामुळे एकीकडे बसलं की दुसरीकडचं चुकतं. बिल्ल्यांच्या दोऱ्यासुद्धा वेगळ्या रंगांच्या, निळ्या आणि हिरव्या. नदी अशी वाटलेली नसते. एका केंद्राचं प्रक्रिया केलेलं पाणी तिच्यात पडतं आणि काही अंतरावर दुसऱ्या केंद्राचा उपसा असतो. एका खोऱ्यातल्या माणसांना एकत्र आणायचं आणि दारातच वेगळं करायचं, हे मला अजिबात पटलं नाही.

उद्घाटनाचं भाषण मात्र चांगलं होतं. वक्त्यांनी १९१४ सालची गोष्ट सांगितली. एडवर्ड आर्डर्न आणि विल्यम लॉकेट या मँचेस्टरच्या दोन रसायनतज्ज्ञांनी सांडपाण्यात हवा सोडून पाहिली. पहिल्या खेपेला पूर्ण नायट्रिफिकेशन (अमोनियाचं नायट्रेट होणं) व्हायला सुमारे पाच आठवडे लागले. मग त्यांनी वरचं पाणी ओतून तळाचा गाळ तसाच ठेवला आणि त्यावर नवं सांडपाणी घातलं. असं पुन्हा पुन्हा करत गेल्यावर तेच काम एका दिवसाच्या आत व्हायला लागलं. आज जगभर चालणारी ॲक्टिव्हेटेड स्लज पद्धत ती हीच, आणि तीही व्यावसायिकांच्या एका सभेतच पहिल्यांदा मांडली गेली होती. सांडपाण्याच्या रोजच्या कामातल्या माणसांनी हाताने करून पाहिलेलं, पाच आठवड्यांच्या आकड्यासकट सांगितलेलं काम. ते ऐकून मला फार बरं वाटलं.

त्यानंतर मुख्य सभागृहात अर्धा दिवस प्रायोजक कंपन्यांची सादरीकरणं झाली. सगळ्यांचे प्रकल्प यशस्वी, सगळे आलेख खाली उतरणारे. एका सादरीकरणात पंपांना व्हीएफडी (वेग कमी-जास्त करणारं उपकरण) लावला की वेग २० टक्के कमी केल्यावर वीज निम्मी होते असं सांगितलं. ०.८ चा घन ०.५१२ येतो, हिशेब बरोबर आहे. पण तो जिथे सगळा दाब पाइपातल्या घर्षणावरच खर्च होतो तिथला आहे. आमच्यासारखं जिथे पाणी मुख्यतः उंचीवर चढवायचं असतं, तिथे वेग फार उतरवला तर पंप पाणी ढकलेनासा होतो. मी उठून स्टॅटिक हेडबद्दल, म्हणजे या चढवायच्या उंचीबद्दल, विचारलं. "नंतर स्टॉलवर बोलू," असं उत्तर मिळालं. तो प्रश्न सभागृहातल्या निम्म्या लोकांच्या कामाचा होता, उत्तर सगळ्यांसमोर यायला हवं होतं.

प्रदर्शनाबद्दल मात्र माझं मत चांगलं आहे. तिथे विक्रीला आलेल्या तरुणांपेक्षा सर्व्हिस करणारे तंत्रज्ञ शोधावेत. एका स्टॉलवरच्या तंत्रज्ञाला मी आमच्या एअरेशन टाकीत (जिथे सांडपाण्यात हवा सोडतात) डीओ, म्हणजे विरघळलेला ऑक्सिजन मोजणारा सेन्सर कुठे बसवायचा विचार आहे ते कागदावर काढून दाखवलं. त्याने कागद जवळ घेतला आणि म्हणाला, "मॅडम, इथे नका लावू. चिंध्या आणि केस अडकतील, आठवड्यातून दोनदा पुसावा लागेल आणि कोणी पुसणार नाही. रीडिंग चुकीचं आलं की ब्लोअर चुकीचा चालेल." केंद्राच्या एकूण विजेतली साधारण निम्मी ब्लोअरलाच लागते, त्यामुळे हा सल्ला छोटा नव्हता. त्याने पुढे पाच मिनिटं घालवून दुसरी जागा सुचवली.

आता ज्यासाठी मी पुन्हा जाईन ते सांगते. पहिल्या दिवशी दुपारी सूक्ष्मदर्शकाची कार्यशाळा होती. आधीच कळवलं होतं की येताना आपल्या एअरेशन टाकीतला नमुना आणा, बाटली अर्धीच भरा म्हणजे वर हवा राहील, आणि थंड ठेवून एका दिवसाच्या आत पोचवा. चार सूक्ष्मदर्शक होते आणि आम्ही अठराजण. शिकवणाऱ्या बाई आयुष्यभर गाळच पाहत आलेल्या. त्यांनी माझ्या बाटलीतला एक थेंब काचेवर घेतला, फोकस केला आणि मला जागा दिली. "काय दिसतं ते सांगा. नाव नको, फक्त दिसतं ते."

मला गाळाचे गोळे दिसले आणि एका गोळ्यातून निघून दुसऱ्यापर्यंत गेलेले लांब तंतू. गोळे जवळ यायला बघत होते आणि तंतू त्यांना लांब धरून होते. गाळ का बसत नाही हे मी पुस्तकात वाचलं होतं, डोळ्यांनी पाहिलं ते तिथे. मग बाईंनी वरच्या लेन्सने एका तंतूच्या आत बघायला सांगितलं. आत चमकणारे बारीक कण होते.

"गंधकाचे कण. हा थायोथ्रिक्स नावाचा तंतूसारखा जिवाणू असेल किंवा त्याच्यासारखाच ०२१एन. तुम्ही काय उपाय केलात?"

"ऑक्सिजन कमी पडतोय असं वाटलं, म्हणून ब्लोअर वाढवले."

"याला सल्फाइड मिळतंय. तुमच्याकडे सांडपाणी कुजून येतंय किंवा तुमच्याच आवारात कुजतंय. पहिल्या टाकीतला गाळ किती वेळाने काढता?"

आणि मला एकदम आठवलं. प्राथमिक टाकीच्या दोन गाळपंपांपैकी एक महिनाभर बंद होता. दर दोन तासांनी काढायचा गाळ पाळीला एकदा निघत होता. टाकीत बुडबुडे येत होते, गाळ काळा पडत होता, हे मी रोज पाहत होते, पण त्याचा संबंध शेवटच्या टाकीशी जोडलाच नव्हता. पंचवीस दिवसांचं कोडं पाऊण तासात सुटलं. एका प्रश्नासाठी त्या बाईंनी मला जेवढा वेळ दिला, तेवढ्यासाठीही दोन दिवसांचा प्रवास सार्थकी लागला असता.

पण खरी गोष्ट त्यानंतर घडली, आणि ती कार्यक्रमपत्रिकेत नव्हती.

मधल्या सुट्टीत मी बाटली टेबलावर ठेवून टिपणं काढत होते. निळ्या दोरीचा बिल्ला घातलेले एक गृहस्थ समोर येऊन बसले, त्यांना दुसरीकडे जागा मिळाली नव्हती. त्यांनी बाटलीकडे पाहून कुठलं केंद्र म्हणून विचारलं. मी सांगितलं. त्यांनी हातातला कागद खाली ठेवला. "म्हणजे तुम्ही आमच्या वरच्या अंगाला आहात!"

ते आमच्या खालच्या बाजूच्या जलशुद्धीकरण केंद्राचे प्रमुख निघाले. त्यांनी मोबाइलवर एक आलेख काढून दाखवला. त्यांच्या कच्च्या पाण्यातला अमोनिया तीन आठवड्यांपासून चढत होता, लिटरमागे ०.२ वरून १.१ मिलिग्रॅमपर्यंत. हे आकडे वाचायला लहान वाटतात, पण क्लोरीनचा डोस ठरवणाऱ्याला त्यांचं वजन कळतं. अमोनियातल्या एक मिलिग्रॅम नायट्रोजनला ब्रेकपॉइंट (अमोनिया संपून मुक्त क्लोरीन उरायला लागतो तो टप्पा) गाठेपर्यंत हिशेबाने ७.६ मिलिग्रॅम क्लोरीन लागतो आणि प्रत्यक्षात आठ ते दहा. म्हणजे त्या वाढीव ०.९ साठी त्यांना लिटरमागे आठेक मिलिग्रॅम क्लोरीन जादा ओतावा लागत होता. आणि तेवढा घातला नाही तर मीटरवर एकूण क्लोरीन दिसतो, पण तो क्लोरॅमिनच्या (क्लोरीन आणि अमोनियाच्या संयुगाच्या) रूपात अडकलेला असतो. मुक्त क्लोरीन हाती लागत नाही, आणि नळाच्या पाण्याला वास येतो म्हणून लोकांचे फोन सुरू होतात. त्यांचे चालक रात्री-रात्री डोस बदलत होते. ते म्हणाले, "मला वाटलं शेतातून काही वाहून येतंय."

मी त्यांना माझी बाजू सांगितली. आमचा गाळ वियरवरून निसटत होता. गाळाबरोबर अमोनियाचं नायट्रेट करणारे जिवाणूही जात होते. ते फार सावकाश वाढतात. गाळ टाकीत पुरेसे दिवस राहिला नाही की पहिले तेच संपतात. आमच्या बाहेर पडणाऱ्या पाण्यातला अमोनिया चढला होता हे मला ठाऊक होतं. तो मी मासिक अहवालात लिहिला होता. अहवाल वर गेला. नदीच्या खालच्या अंगाला कोणाला तरी फोन करावा हे मला सुचलंच नव्हतं, आणि सुचलं असतं तरी कोणाला करायचा ते माहीत नव्हतं. याची खंत मला अजून आहे.

आम्ही दोघांनी नंतरची दोन्ही सत्रं सोडून दिली. कागदावर नदीची रेघ ओढून आमचा विसर्ग, त्यांचा उपसा, मध्ये मिळणारा ओढा, पाणी पोचायला लागणारे तास असं सगळं मांडत बसलो. म्हणून मी म्हणते की मोठ्या परिषदेपेक्षा प्रादेशिक परिषद वेगळी असते. मोठ्या परिषदेत विद्वान भेटतील, पण माझंच पाणी उचलणारा माणूस इथेच भेटू शकतो. आयोजकांनी हे घडवून आणायला हवं. भिंतीवर खोऱ्याचा नकाशा लावा आणि येणाऱ्या प्रत्येकाला आपल्या केंद्राच्या जागी नाव लिहायला सांगा. एवढ्याने पुष्कळ होईल.

दुसऱ्या दिवशीची केंद्रभेट साधारण ठरली. पंचेचाळीस माणसं एका मार्गदर्शकामागे, ब्लोअरच्या खोलीत एक शब्द ऐकू आला नाही. दहा-दहाचे गट करायला हवे होते.

सगळ्यात शेवटचं सत्र सुरक्षिततेचं होतं आणि तोपर्यंत निम्मे लोक परतीच्या वाटेला लागले होते. याचा मला राग आला. बोलणारे गृहस्थ देखभाल विभागातून निवृत्त झालेले. त्यांनी पंपघराच्या विहिरीत आपला सहकारी गमावलेला. एकजण खाली कोसळला, त्याला काढायला दुसरा तसाच उतरला, आणि हा दुसरा त्यांचा मित्र होता. त्यांनी सावकाश समजावलं: हायड्रोजन सल्फाइडचा कुजक्या अंड्यासारखा वास अगदी थोड्या प्रमाणातही येतो, पण १०० पीपीएमच्या आसपास नाक बधिर होतं. वास गेला म्हणजे वायू गेला असं समजून माणूस पुढे पाऊल टाकतो. हा वायू हवेपेक्षा जड, तळाशी साचतो, म्हणून मीटर दोरीने सोडून वर, मध्ये आणि तळाशी अशी तिन्हीकडे मोजणी करायची. आधी ऑक्सिजन, मग ज्वलनशील वायू, मग विषारी. ट्रायपॉड आणि हार्नेस असल्याशिवाय कोणी उतरायचं नाही, वाचवायलासुद्धा नाही. हे सत्र पहिल्या दिवशी सकाळी, दोन्ही रंगांच्या दोऱ्यांसाठी एकत्र, मुख्य सभागृहात व्हायला हवं.

कोणी जावं, तर जो रोज पाळीवर असतो त्याने. चालक, केमिस्ट, फिटर. कॅनडात वॉकर्टनला मे २००० मध्ये दूषित विहिरीच्या पाण्याने सातजणांचा जीव गेला आणि दोन हजारांहून जास्त लोक आजारी पडले. चौकशीत निघालं की क्लोरीनचे आकडे न मोजताच नोंदवहीत लिहिले जात होते, आणि ते चालवणाऱ्यांना पुरेसं प्रशिक्षण कधी मिळालंच नव्हतं. हा दाखला मी साहेबांना दिलेल्या अहवालात लिहिला आहे आणि पुढच्या वेळी दोन चालकांची नावं सुचवली आहेत. जाणाऱ्याने आपला एक अडलेला प्रश्न आकड्यांसकट वहीत लिहून न्यावा, आणि शक्य असेल तर बाटली.

परतल्यावर बंद पंप चार दिवसांत दुरुस्त करून घेतला आणि प्राथमिक गाळ दर दोन तासांनी काढायला सुरुवात केली. शेवटच्या टाकीतून पुन्हा एअरेशन टाकीत जाणाऱ्या परतीच्या गाळाला काही दिवस क्लोरीनचा हलका डोस दिला, रोज सूक्ष्मदर्शकाखाली तंतू तुटताहेत का बघत. तो सूक्ष्मदर्शक जवळच्या महाविद्यालयातून मागून आणलेला आहे, स्वतःच्यासाठी मागणीपत्र दिलं आहे. सहा आठवड्यांनी एसव्हीआय १२८ आला. अमोनिया उतरायला आणखी वेळ लागला. आता रोज सकाळी आठच्या पाळीला आमचा अमोनियाचा आकडा खालच्या केंद्राला कळवला जातो, मी सुट्टीवर असले तरी.

पुढच्या परिषदेसाठी आम्ही दोघं मिळून एक निबंध पाठवतोय. अर्जात 'पिण्याचे पाणी' किंवा 'सांडपाणी' यांपैकी एक रकाना निवडायला सांगितलं आहे. आम्ही दोन्हींवर खूण केली आहे.