भेदभाव हाताळण्याचे शिक्षक-प्रशिक्षण: एक अभिप्राय

शाळेतील भेदभाव आणि द्वेषपूर्ण शेरेबाजी कशी हाताळावी, याविषयी इंदूरमधील आमच्या शाळेत नुकतेच एकदिवसीय प्रशिक्षण झाले. शिपाई, लिपिक आणि बसमधील मदतनीस बाई यांनाही बसवण्याचा आयोजकांचा आग्रह मला सर्वांत मोलाचा वाटला, कारण मुले एकमेकांना जाती-धर्मावरून जे बोलतात, ते बहुधा वर्गाबाहेरच बोलतात.

सर्वाधिक वेळ एका प्रसंगाला मिळाला: डबा खाताना एक मुलगा दुसऱ्याला जातीवरून हिणवतो. अशा वेळी ‘भांडू नका’ म्हणून दोघांनाही गप्प करण्याकडे शिक्षकांचा कल असतो. प्रशिक्षिकेने मात्र ते बोलणे तिथल्या तिथे थांबवावे, ते का चालणार नाही हे स्पष्ट सांगावे, दुखावलेल्या मुलाशी आधी एकांतात बोलावे, सर्वांसमक्ष माफीचा देखावा टाळावा आणि घटनेची नोंद ठेवावी, हा क्रम प्रत्यक्ष करवून घेतला. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याचे कलम १७ शारीरिक शिक्षेबरोबर मानसिक छळालाही मनाई करते, हे सांगताना त्यांनी ‘आरटीईवाल्यांनी (म्हणजे याच कायद्याखाली राखीव जागांवर मोफत प्रवेश मिळालेल्या मुलांनी) हात वर करा’ या सर्रास ऐकू येणाऱ्या वाक्यावर बोट ठेवले, तेव्हा सभागृहात बरीच चुळबूळ झाली.

दिव्यांग मुलांचा विषय मात्र घाईत उरकला. पुस्तिका केवळ इंग्रजीत असल्यामुळे शिपायांच्या उपयोगाची नाही. इंदुरात ती हिंदीत हवीच. शुल्क वाजवी आहे, पण काही महिन्यांनी पुन्हा येऊन नोंदवही तपासण्याची सोय झाली, तरच मी इतर शाळांना याची शिफारस करीन.