व्होल्टेज वाढवू की क्लॉक उतरवू?

जुळे सोलापुरातल्या भाच्याचा ओव्हरक्लॉक केलेला (वेग मुद्दाम वाढवलेला) प्रोसेसर ४.८ गिगाहर्ट्झवर नीट चालू होतो, पण व्हिडिओ रेंडरला (अंतिम फाइल बनवायला) लावला की निळी स्क्रीन, म्हणजे संगणक कोसळतो. त्याला दोनच वाटा दिसतात: कोअर व्होल्टेज वाढवायचं, नाहीतर क्लॉक, म्हणजे प्रोसेसरचा वेग, ४.६ वर आणायचा. त्याआधी रॅमचं एक्सएमपी (रॅम जास्त वेगाने चालवणारं तयार सेटिंग) बंद करून बघ म्हटलं. पुष्कळदा चोर तिथेच असतो.

उष्णतेचं गणित आधी. वीज व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. १.२५ चं १.३५ व्होल्ट केलंत तर त्याच क्लॉकवर साधारण १७ टक्के जास्त. सोलापुरात मे महिन्यात पारा चाळिशीपार, आणि कूलर खोलीतल्या हवेपेक्षा प्रोसेसर थंड करू शकत नाही. डिसेंबरात टिकलेलं सेटिंग उन्हाळ्यात कोसळतं ते यामुळेच. तापमान मर्यादेला भिडलं की प्रोसेसर स्वतःच वेग कमी करतो, म्हणजे मिळवलेलं तिथेच गेलं. क्लॉक उतरवल्यास तोटा चार टक्के. गेममध्ये तो जाणवतही नाही.

खर्च? क्लॉक उतरवणं फुकट. व्होल्टेजला बहुधा मोठा कूलर लागतो, शिवाय चिपचं आयुष्य घटतं. मेहनतही तिकडेच जास्त: ०.०१ व्होल्टच्या पायरीने वाढवा, प्रत्येक वेळी प्राइम९५ (प्रोसेसरवर पूर्ण ताण देऊन तपासणारा प्रोग्राम) तासभर चालवा.

रेंडर, अकाउंट्स, मुलांचा अभ्यास असेल तर क्लॉक उतरवा. चांगला कूलर, एसी खोली आणि बेंचमार्कची (वेगाच्या चाचण्यांत आकडे मिळवायची) हौस असेल, तरच व्होल्टेजला हात लावा.