टॉटनहॅमचं स्टेडियम : मॅच दीड तासाची, पण क्लबने विकायला काढलाय अख्खा दिवस

लंडनला फिरायला येणारे आपले लोक, त्यातही कोल्हापूरकडचे, हमखास विचारतात की एकच फुटबॉल स्टेडियम बघायला वेळ आहे तर कुठलं बघू. मी पक्का आर्सेनलवाला आहे, म्हणजे टॉटनहॅमच्या कट्टर वैरी असलेल्या शेजारच्या क्लबचा फॅन, तरी सांगतो की टॉटनहॅमचं बघा. आमच्या आर्सेनलच्या ग्रुपवर हे लिहिलं तर मला काढून टाकतील, पण खरं ते खरं, पैसे देऊन आलेल्या माणसाचा दिवस कसा वसूल करून द्यायचा आणि त्यातून क्लबची तिजोरी कशी भरायची हे इंग्लंडमध्ये सध्या इतकं नीट कोणाला जमलेलं नाही.

मी आत्तापर्यंत तिथे मॅचही बघितली आणि टूरही केली, मॅच ऑफिसमधल्या एका टॉटनहॅमवाल्याच्या नादाने आणि टूर मामा आले होते तेव्हा. स्टेडियम ३ एप्रिल २०१९ ला सुरू झालं, क्रिस्टल पॅलेसविरुद्ध, पहिला गोल त्यांच्या कोरियन स्टार सॉनचा. जुनं व्हाइट हार्ट लेन साधारण ३६ हजारांचं होतं, त्याच जागेवर हे ६२ हजार ८५० चं उभं केलंय आणि खर्च गेला अब्ज पौंडांच्या घरात. गोलच्या मागचा साउथ स्टँड एकाच उताराचा, साडेसतरा हजार सीट एकत्र, मध्ये कुठे मजला नाही की काचेचे बॉक्स नाहीत. तिथून आवाज उठतो ना तेव्हा अंगावर काटा येतो, आणि हे मी आर्सेनलवाला असून लिहितोय.

पण खरा खेळ त्या स्टँडच्या पोटात आहे. गोललाइनला समांतर असा ६५ मीटर लांब बार आहे, स्टेडियममध्येच बिअर बनते, खायचे स्टॉल ओळीने. कॅश कुठेच चालत नाही, कार्ड टेकवा आणि चला. बिअर भरायची पद्धत तर बघत उभं राहावं अशी: प्लास्टिकच्या ग्लासच्या बुडाला एक चकती असते, ग्लास मशीनवर ठेवला की ती वर उचलली जाते, बिअर खालून वर चढत जाते, ग्लास भरला की आपोआप थांबते, उचलला की चकती परत घट्ट बसते. वाढणाऱ्या पोराने तोपर्यंत पुढच्या तिघांचे ग्लास लावलेले असतात. हाफटाइम १५ मिनिटांचा, त्यात हजारो माणसं एकदम काउंटरवर येतात, रांग लांब दिसली की निम्मे लोक परत फिरतात आणि तो धंदा कायमचा गेला, म्हणून प्रत्येक ग्लासमागचे काही सेकंद वाचवायला एवढा खटाटोप.

मामांनी आयुष्यभर कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि दिलबहार या तिथल्या टीमच्या मॅचेस बघितल्यात, फुटबॉलची गर्दी त्यांना नवीन नाही. टूरनंतर त्यांना घेऊन बाहेर बसलो आणि मॅचच्या दिवशीचं सांगितलं, की लोक दोन-दोन तास आधी येतात आणि मॅच संपल्यावरही बार चालू असतो म्हणून रेंगाळतात, तर ते लगेच म्हणाले, "म्हंजे जत्रंसारखंच की रं, देवाच्या दर्शनाला पाच मिनिटं आणि दिवस सगळा बाजारात." एका वाक्यात सगळा बिझनेस सांगितला मामांनी.

आता हे महत्त्वाचं का, तर प्रीमियर लीगमध्ये, म्हणजे इंग्लंडच्या सगळ्यात वरच्या लीगमध्ये, टीव्हीचा पैसा सगळ्यांनाच मिळतो. थोडं वरखाली होतं, पण मोठ्या क्लबांमध्ये त्यावरून फार फरक पडत नाही. एक क्लब दुसऱ्याच्या पुढे निघतो तो दोन ठिकाणी, मॅचच्या दिवसाची कमाई आणि स्पॉन्सर-इव्हेंटवाला कमर्शियल पैसा. टॉटनहॅमची एकूण कमाई २०१६-१७ मध्ये, म्हणजे जुन्या मैदानावरच्या शेवटच्या सीझनला, ३०० मिलियन पौंडांच्या थोडी वर होती, २०२२-२३ मध्ये ती जवळजवळ ५५० झाली. त्याच्या पुढच्या सीझनला युरोपातल्या क्लबांच्या स्पर्धांमधली एकही मॅच नव्हती, तरी ५२८ मिलियन आले. चेल्सीशी तुलना करून बघा, कारण त्या २०२३-२४ च्या सीझनला चेल्सीही युरोपात नव्हतं. युरोपातली सगळ्यात मोठी स्पर्धा, चॅम्पियन्स लीग, दोनदा जिंकलेला क्लब, पण कमाई ४६८ मिलियन, कारण त्यांचं मैदान स्टॅमफर्ड ब्रिज ४० हजारांवर अडकलंय आणि आजूबाजूला वाढायला जागाच नाही. ट्रॉफ्यांच्या कपाटात चेल्सी कुठच्या कुठे पुढे, गल्ल्यात टॉटनहॅम पुढे.

आमच्या आर्सेनलचं वेगळं आहे. आम्ही हे शहाणपण आधी केलं, २००६ मध्येच ३८ हजारांचं हायबरी सोडून ६० हजारांच्या एमिरेट्सला गेलो, पण ते बांधायला लगेच पैसा हवा होता म्हणून मैदानाचं नाव आणि शर्ट दोन्ही मिळून १०० मिलियन पौंडांत लांबच्या मुदतीला देऊन टाकले, पुढे स्पॉन्सरचे भाव आकाशाला भिडले आणि आम्ही जुन्या रेटला बांधलेलो. पैशांअभावी चांगले खेळाडू टिकेनात, फॅब्रेगास गेला, नासरी गेला, व्हॅन पर्सी तर मँचेस्टर युनायटेडला गेला, ते दिवस आठवले की अजून त्रास होतो. २०२३-२४ चे आकडे बघितले तर आर्सेनल ६१६ मिलियनवर होतं आणि मॅचच्या दिवशीची कमाईसुद्धा टॉटनहॅमपेक्षा जास्त होती, हे अभिमानाने सांगतो. पण मॅच नसलेल्या दिवशी स्टेडियमकडून काम कसं करून घ्यायचं हे त्यांच्याकडूनच शिकावं.

टूरमध्ये मला सगळ्यात आवडलेला भाग हाच. गवताचं मैदान तीन तुकड्यांत फुटतं आणि सरकत साउथ स्टँडखाली जातं, खाली एनएफएल या अमेरिकन फुटबॉलच्या लीगसाठी वेगळं कृत्रिम टर्फ तयारच असतं. म्हणजे अमेरिकन फुटबॉलचे दीड-दीडशे किलोचे गडी नाचले तरी आपल्या गवताला धक्का नाही. जोशुआ-उसिकची बॉक्सिंगची फाइट इथे झाली, बियॉन्सेने २०२३ ला पाच रात्री केल्या, कौन्सिलने फुटबॉल सोडून वर्षाला ३० मोठ्या इव्हेंटना परवानगी दिलीय, स्टँडखाली फॉर्म्युला वनच्या नावाने गो-कार्टिंग आहे आणि छतावर चालायचा स्कायवॉक आहे. मामा स्कायवॉकला तयार होते, मामींनी फोनवरून नाही म्हणून सांगितलं.

आता मार्क कुठे कापतो ते सांगतो. ६५ वर्षांवरच्या लोकांची सवलत मार्च २०२४ मध्ये कमी करायचा निर्णय या क्लबने घेतला आणि तेव्हाच सीझन तिकिटाचे दर ६ टक्क्यांनी वाढवले, लोकांनी निषेधही केला. हे मला अजिबात पटत नाही. जुन्या मैदानावर उन्हापावसात, वाईट काळात जो माणूस येत राहिला, त्याच्यामुळे साउथ स्टँडला आवाज आहे, आणि त्या आवाजासाठीच बाहेरचे आमच्यासारखे जास्त पैसे मोजून येतात, त्याच्याच खिशाला हात कसा घालता? एवढ्या इव्हेंटमधून येणारा पैसा त्याच्या तिकिटाला लावायला हवा होता.

दुसरं म्हणजे पैसा मैदानावर तेवढा दिसत नाही. २०२३-२४ मध्ये पगारांवर कमाईचा ४२ टक्क्यांच्या आसपास भाग खर्च, मोठ्या क्लबांमध्ये हा फार कमी आकडा. स्टेडियमचं कर्ज मोठं आहे हे मान्य, पण २०२४-२५ ला लीगमध्ये २० टीममध्ये १७ वा नंबर आला. त्याच सीझनला स्पेनच्या बिल्बाओत मँचेस्टर युनायटेडला हरवून युरोपा लीग, म्हणजे युरोपातली दुसऱ्या नंबरची स्पर्धा, जिंकली, २००८ नंतरची पहिली ट्रॉफी, आणि त्यांच्या फॅन्सचा आनंद बघून मला खरंच बरं वाटलं, पण एवढ्या कमाईच्या क्लबने एका ट्रॉफीसाठी १७ वर्षं थांबायला नको होतं.

पाच पैकी चार स्टार, कापलेला एक त्या म्हाताऱ्या लोकांच्या सवलतीसाठी.

जाणाऱ्यांसाठी थोडं. स्टेडियमजवळ ट्यूब (लंडनची मेट्रो) नाही, व्हाइट हार्ट लेन स्टेशनला ओव्हरग्राउंड ही जमिनीवरची लोकल आहे, मॅचनंतर तिथे गर्दी असते, पाय चांगले असतील तर सेव्हन सिस्टर्सपर्यंत अर्धा तास चालत जा आणि व्हिक्टोरिया लाइनची ट्यूब पकडा. तिकीट फक्त क्लबच्या साइटवरून घ्या, एका रीसेलवाल्याने माझ्या मित्राला दोन वेगवेगळ्या ब्लॉकमधल्या सीट "एकत्र" म्हणून विकल्या होत्या. मेंबरशिप काढायची नसेल तर घरच्या कप मॅचेस बघा, बऱ्याचदा तिकीट सोपं पडतं. टूर नॉन-मॅच दिवशीच घ्या, सकाळचा स्लॉट बरा. आणि आमचे आर्सेनलवाले कोणी जाणार असतील तर लाल स्कार्फ घरी ठेवा, होम स्टँडमध्ये पाहुण्या टीमचे रंग घालून आत सोडत नाहीत.